२००१ साली मी अपंग नव्हते

२००१ च्या जनगणनेत मी अपंग नव्हते, २०११ च्या जनगणनेत झाले. मधल्या दहा वर्षांत माझ्या कानांना काही म्हणता काही झालेलं नाही. सहाव्या वर्षी गोवराच्या तापात जे जायचं ते गेलं. तेव्हापासूनचे ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचे आलेख, एकावर एक ठेवून उजेडात धरले तर रेषा जवळपास जुळतात. उजव्या कानाला ६८ डेसिबल कमी ऐकू येतं, डाव्याला ६३. बदलली ती प्रगणकांना दिलेली सूचना. २००१ साली त्यांना सांगितलं होतं, की मशीन लावून ऐकू येत असेल तर त्या माणसाला अपंगांत धरायचं नाही. २०११ साली सांगितलं, मशीन वापरत असेल तर धरायचं.

माझ्या आत्याचं बरोब्बर उलटं झालं. लहानपणी शेतात ज्वारीचं धाट लागून तिचा डावा डोळा गेला. पुढे उजव्या डोळ्यावर तिने जन्मभर शिवणकाम केलं, अजूनही सुईत दोरा आमच्याआधी ओवते. २००१ साली एकाच डोळ्याने दिसणारा माणूस दृष्टीच्या रकान्यात धरला जायचा, २०११ साली वगळला. म्हणजे आमच्या घराण्यात एक वजा, एक अधिक, आणि एकूण आहे तेवढंच.

मी सांगलीत एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकडे असे टोप्या बदलताना दिसले की मला राहवत नाही. मी देशाचे तक्ते काढून बघितले. २००१ साली दृष्टीच्या रकान्यात १ कोटी ६ लाख माणसं होती, २०११ साली ५० लाख. ऐकण्याच्या रकान्यात २००१ साली १२ लाख ६० हजार होती, ती ५० लाख ७० हजार झाली. मोतीबिंदूची ऑपरेशनं त्या काळात पुष्कळ झाली हे मान्य, पण तेवढ्याने अर्ध्याहून जास्त माणसं रकान्यातून उठून जात नाहीत. आणि देश चौपट बहिरा व्हावा अशी कुठली साथ आल्याचं मला तरी आठवत नाही. एवढी उलथापालथ होऊन एकूण टक्केवारी किती हलली? २.१३ वरून २.२१ वर. एखाद्या गिऱ्हाइकाच्या ताळेबंदात दोन खाती अशी उड्या मारताना दिसली आणि बेरीज तरी गेल्या वर्षीएवढीच आली, तर आमचे साहेब फाइल मिटत नाहीत, सगळी व्हाउचरं मागवतात.

२०११ ला आणखी एक रकाना होता, ‘इतर कोणतेही’. त्यात ४९ लाख माणसं आहेत, एकूण अपंगांच्या १८ टक्क्यांवर. आमच्या भाषेत हे सस्पेन्स खातं. कुठे टाकावं कळेना म्हणून तात्पुरतं टाकलेलं, आणि मग तिथेच राहिलेलं.

एकूण आकडा २ कोटी ६८ लाख. महाराष्ट्रात २९ लाख ६० हजार, उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. पुढे २०१८ साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने पुन्हा मोजलं, तेव्हा २.२ टक्के आले. तीन मोजण्या आणि तिन्ही वेळा दोन टक्क्यांच्या आसपास. इतका ठाम आकडा बघून कुणालाही वाटेल की असेलच तेवढं.

पण जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज जगासाठी १६ टक्के आहे, म्हणजे १३० कोटी माणसं. तोच दर आपल्या २०११ च्या १२१ कोटींना लावला तर १९ कोटींच्या पुढे जातो. आपला देश तरुण आहे, वयाबरोबर हातपाय-डोळे-कान कमी होतात, म्हणून आपल्याकडे दर थोडा कमी असणार, हे धरलं पाहिजे. जागतिक बँकेच्या २००७ च्या अहवालात भारतासाठी ४ ते ८ टक्के असा अंदाज होता. तोही आपल्या सरकारी आकड्याच्या दुप्पट ते चौपट आहे. जिथे रस्त्यावर एवढे अपघात होतात, जिथे पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि त्याआधीच्या पिढ्यांतले पोलिओवाले अजून आपल्यातच आहेत, तिथे जगाच्या सातव्या हिश्शाएवढंच अपंगत्व आहे, हे मला पटत नाही.

रेघ कुठे मारली यावर सगळं आहे, आणि कानाच्या बाबतीत ती रेघ मला तोंडपाठ आहे. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो, दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल कमी असेल तर ‘ऐकण्यास कमी’, ७० आणि त्यापुढे बहिरे. मी ६० ते ७० मध्ये बसते, म्हणून मला प्रमाणपत्र आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे दोन्ही कान ५५ वर आहेत. मीटिंगमध्ये तो माझ्याइतकाच लोकांच्या ओठांकडे बघत बसतो, फोन आला की स्पीकरवर टाकून जिन्यात जातो, पण कायद्याने तो ठणठणीत आहे. जागतिक आरोग्य संघटना हीच रेघ ३५ डेसिबलवर मारते आणि म्हणते जगात ४३ कोटी लोकांना उपचाराची, मशीनची गरज आहे. ६० आणि ३५. मधल्या २५ डेसिबलमध्ये किती माणसं मावतात याचा विचार करा. साधं समोरासमोरचं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे आपल्या कायद्याला तुम्ही दिसायला लागता तेव्हा तुम्हाला समोरच्याचं साधं बोलणं ऐकू येणं जवळपास बंद झालेलं असतं.

आता दाराचं सांगते, कारण आकडा तिथे तयार होतो. २०११ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे प्रगणक म्हणून जिल्हा परिषद शाळेच्या बाई आल्या. दिवसभर शाळा करून आलेल्या, हातात मोठ्ठाले तक्ते, खांद्यावर पिशवी. प्रश्न क्रमांक ९ अपंगत्वाचा. आधीच्या जनगणनेत तो पंधरावा होता, या वेळी वर आणला होता, एवढी तरी सुधारणा. प्रश्न साधारण असा, की ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का? पुढे प्रकाराचा कोड. बाईंनी तो सासऱ्यांना विचारला, कारण कुटुंबप्रमुख ते. सासरे ‘नाही’ म्हणाले. मी पाणी घेऊन बाहेर आले, केस वर बांधलेले होते, बाईंना मशीन दिसलं. त्यांनी विचारलं, आणि मी होय म्हटलं. सासूबाई आतून म्हणाल्या, “कशाला लिहिताय ओ ते? धाकट्या पोरीचं अजून जमायचंय.” माझ्या कानाचा माझ्या नणंदेच्या लग्नाशी काय संबंध, हे कुणी विचारू नका. सांगली जिल्ह्यात संबंध असतो. बाई क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी कोड लिहिला. केस मोकळे असते तर मी २०११ सालीही अपंग नसते.

असं किती दारांत झालं असेल? लहान मुलांचं विचारावं तर ‘त्याचा मामापण उशिराच बोलायला लागला होता’ हे उत्तर तयार असतं. म्हाताऱ्यांचं विचारावं तर ‘वय झालं आता, चालायचंच’. २०११ च्या तक्त्याप्रमाणे साठीच्या वरच्यांत अपंगत्व सुमारे ५ टक्के. शंभर म्हाताऱ्यांत पाच! संध्याकाळी सांगलीच्या आमराई बागेत फिरायला येणाऱ्यांकडे बघा आणि सांगा. तेही तिथवर येऊ शकणारे.

मानसिक आजाराचं तर विचारूच नका. १२१ कोटींच्या देशात मानसिक आजाराच्या रकान्यात ७ लाख २० हजार माणसं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांमधलं मानसिक विकारांचं प्रमाण १०.६ टक्के आलं. प्रत्येक विकार म्हणजे अपंगत्व नाही, ते बरोबर आहे. पण दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईंना, शेजारीण पायरीवर बसून ऐकत असताना, ‘आमच्या थोरल्याच्या डोक्याचं औषध चालू आहे’ असं कोण सांगणार?

बायकांचंही तसंच. २०११ मध्ये अपंग पुरुष दीड कोटी, बायका १ कोटी १८ लाख. २०१८ च्या सर्वेक्षणात पुरुष २.४ टक्के, बायका १.९. जगभरच्या अंदाजांत मात्र बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त येतं, कारण बायका जास्त जगतात आणि म्हातारपणाची दुखणी त्यांच्या वाट्याला जास्त वर्षं येतात. आपल्याकडे त्या कमी कशा झाल्या याचं मला वाटतं ते उत्तर असं: पुरुषाला दिसेनासं झालं की त्याचं काम अडतं आणि चार लोकांना कळतं. बाई चाचपडत का होईना, भाकरी थापतेच.

या मोजणीचा इतिहासही धरसोडीचा. इंग्रजांच्या काळात १८७२ पासून १९३१ पर्यंत दर शिरगणतीत आंधळे, बहिरे-मुके, वेडे, महारोगी असे मोजायचे. १९४१ पासून ते बंद झालं. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, तेव्हा एकदा विचारलं, तेही पूर्ण आंधळे, पूर्ण मुके आणि पूर्ण पांगळे एवढेच. १९९१ ला पुन्हा गायब. २००१ ला प्रश्न परत आला तो अपंगांच्या संघटनांनी, दिल्लीच्या जावेद आबिदींसारख्या माणसांनी, सरकारच्या मागे लागून आणवला. आबिदी स्वतः व्हीलचेअरवर असायचे. २०१८ साली ते गेले. मोजलं जावं म्हणून भांडावं लागतं, हे लोकांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. लोकांना वाटतं सरकारला सगळं माहीत असतं.

आणि हा घोळ फक्त आपलाच आहे असं नाही. अमेरिकेत त्यांच्या जनगणना खात्याचं दरवर्षीचं सर्वेक्षण म्हणतं, साधारण १३ टक्के लोक अपंग. त्याच देशाचं रोगनियंत्रण खातं म्हणतं, चार प्रौढांत एकाहून जास्त. दोघांचे प्रश्न बरेचसे सारखे आहेत. पण पहिल्यात लहान मुलंही मोजतात आणि घरातला एक जण सगळ्यांची उत्तरं भरतो, तर दुसऱ्यात प्रौढ माणसाला फोनवर त्याचं स्वतःचं विचारतात. माझ्या सासऱ्यांचं ‘नाही’ आणि माझं ‘होय’ यांतलं अंतर अमेरिकेतही आहे म्हणायचं.

आकडा कमी असला तर बिघडतं काय, असं मला घरातच विचारलं गेलं आहे. बिघडतं ते पैशांत. मशीनं किती, तीनचाकी सायकली किती, विशेष शिक्षक किती, हे सगळं कुठल्यातरी टक्केवारीला लोकसंख्येने गुणून ठरतं. शिवाय दुसरी मेख प्रमाणपत्राची. २०१८ च्या सर्वेक्षणात सापडलेल्या अपंगांपैकी २८.८ टक्क्यांकडेच प्रमाणपत्र होतं. म्हणजे आधीच बारीक केलेल्या आकड्यातल्या दर दहांतल्या सातांकडे कागद नाही, आणि कागद नाही तर एसटीची ७५ टक्के सवलत नाही, नोकरीतलं ४ टक्के आरक्षण नाही, पेन्शन नाही. माझं प्रमाणपत्र काढताना आईने पहाटेची एसटी पकडून माझ्याबरोबर ज्या खेपा घातल्या आहेत, त्या आठवल्या की उरलेल्यांनी का काढलं नसेल हे मला विचारावं लागत नाही. खिडकीतला माणूस काचेपलीकडून मान खाली घालून माझं नाव पुकारायचा. कान तपासायला आलेल्या माणसांना!

आता पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे, मोबाइलवर, आणि ज्याला हवं त्याला स्वतःची माहिती स्वतः भरता येणार आहे. हे मला मनापासून आवडलं. दारात ओरडून बोलणं नाही, सासऱ्यांच्या मध्यस्थीने उत्तर नाही, मी माझं भरीन. पण ज्या घरात फोन एकाच्याच हातात असतो त्या घरात फॉर्मही तोच भरणार, आणि मागच्या खोलीतल्या आजीचं उत्तर ‘नाही’ असंच जाणार. कायद्यात २०१६ पासून अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, २०११ च्या तक्त्यात आठ कोड होते. प्रकार वाढवायला माझी हरकत नाही, पण ‘अपंग आहे का’ हा पहिला प्रश्नच ज्यांना ओलांडता येत नाही ते पुढच्या एकवीस प्रकारांपर्यंत पोचणार कसे?

याला एक साधा उपाय जगात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ साली वॉशिंग्टन ग्रुप नावाचा गट झाला, त्यांनी सहा प्रश्न तयार केले. त्यांत अपंग हा शब्दच नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? मशीन लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, मन एकाग्र करायला? स्वतःची आंघोळ, कपडे करायला? नेहमीच्या भाषेत दुसऱ्याचं समजायला, आपलं समजावायला? उत्तरं चार: नाही, थोडा होतो, खूप होतो, अजिबात जमत नाही. एका तरी प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘अजिबात नाही’ आलं की तो माणूस मोजायचा.

हे प्रश्न मी आमच्या सोसायटीत वापरले, त्याला कारण घडलं. तीन मजले, लिफ्ट नाही, तळमजल्याला चढायला चार पायऱ्या, त्यांना कठडा नाही. वार्षिक सभेत मी कठडा आणि रॅम्पचा विषय मांडला. सेक्रेटरी म्हणाले, “आपल्या सोसायटीत अपंग कोणी नाही.” मग माझ्याकडे बघून, “वहिनी, तुमचं तसं म्हणत नाही मी.” मी म्हटलं, असू द्या.

त्यानंतर हळदीकुंकवाच्या निमित्ताने दारोदार गेले तेव्हा वाण देता देता सहा प्रश्न विचारले. अपंग आहे का कुणी, असं एकदाही विचारलं नाही. तळमजल्यावरचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका जिना चढतच नाहीत, सभेला गच्चीवर येत नाहीत ते रुसवा म्हणून नाही, गुडघ्यांमुळे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे. त्या उजव्या हाताने साडीच्या निऱ्या घालू शकत नाहीत म्हणून गाऊनवरच असतात, आणि आम्ही सगळ्या त्यांना आळशी समजत होतो. त्यांच्या वरच्यांची साखर डोळ्यांत उतरली आहे. पहिल्या मजल्यावरच्या मुलाला वर्गात सांगितलेलं लक्षात राहत नाही, हे त्याच्या आईने दार लोटून घेऊन, हळू आवाजात सांगितलं. मला ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, तेव्हा तिला परत मोठ्याने सांगावं लागलं, आणि मग आम्ही दोघी हसलो. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा तर दिवाळीला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवल्यापासून खाली आलेलेच नाहीत. सेक्रेटरींच्या मिसेस म्हणाल्या, यांना रात्री समोरच्या गाडीचा उजेड सहन होत नाही, पण कुणाला सांगू नका. तो ‘थोडा होतो’ मध्ये गेला, म्हणून मी धरला नाही.

पुढच्या सभेत मी कुणाचंही नाव न घेता फक्त मजले वाचून दाखवले. बारा घरांच्या इमारतीत एकही मजला रिकामा नव्हता. ड्रायव्हर काका या वेळी आले होते, कारण सभा खाली पार्किंगमध्ये घेतली होती. कठडा बिनविरोध मंजूर झाला आणि लागलाही. सगळ्यांत आधी त्याला धरून चढताना मी सेक्रेटरींनाच पाहिलं. रॅम्पचं मात्र अडलंय. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असा उताराचा नियम आहे. आमचा चौथरा दोन फुटांचा, म्हणजे चोवीस फूट लागणार. सरळ काढला तर दोन गाड्यांची जागा जाते, वळवून काढला तर तुळशीचा कट्टा जातो. ठेकेदार म्हणतो आठ फुटांत बसवून देतो. बसेल, पण त्यावरून व्हीलचेअर वर चढणार नाही, खाली मात्र सुसाट येईल. कुणाच्या दोन गाड्या जाणार, यावर येत्या रविवारी सभा आहे.